काँक्रीटमधील लोखंड आणि त्याचे पर्याय : देवालयांच्या बांधकामाच्या दृष्टीने एक इतिहास

देवस्थानाच्या स्मरणिकेत सामान्यतः श्रींचे माहात्म्य, देवस्थानाचा इतिहास, उत्सवांची परंपरा आणि कुळाव्यांच्या आठवणी या विषयांवरील लेख असतात व ते असावेतही. त्यांच्या पंक्तीत काँक्रीट आणि लोखंड यांविषयीचा लेख पाहून काही महाजन बंधु-भगिनींना नवल वाटेल. परंतु आज बहुतेक देवस्थानांच्या सर्वसाधारण सभांतून ज्या एका विषयावर सर्वांत अधिक वेळ खर्ची पडतो, तो विषय बांधकामाचा आहे. गोवा मुक्त झाल्यानंतरच्या काळात, म्हणजे १९६१ नंतर, अनेक देवालयांच्या आवारात सभामंडप, अग्रशाळा, भक्तनिवास, पाण्याच्या टाक्या आणि कमानी सिमेंट काँक्रीटच्या उभ्या राहिल्या. दूरदूरच्या महाजनांनी त्यांसाठी यथाशक्ती देणग्या दिल्या. आज त्यांपैकी कित्येक इमारतींच्या स्लॅबखालचे पापुद्रे सुटले आहेत, आतल्या सळ्या तांबूस होऊन बाहेर डोकावत आहेत आणि ज्या इमारती नातवंडांच्या नातवंडांसाठी म्हणून बांधल्या, त्या बांधणाऱ्यांच्या हयातीतच दुरुस्तीला आल्या आहेत. त्यांच्याच शेजारी दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या चिऱ्याच्या भिंती मात्र स्थिर उभ्या आहेत.

असे का व्हावे? यात कंत्राटदाराचा दोष किती, देखरेखीचा किती आणि मूळ पद्धतीचाच किती? या प्रश्नांचे उत्तर शोधताना काँक्रीटमध्ये लोखंड कसे आले, त्याला गंज का चढतो आणि लोखंडाऐवजी दुसरे काही घालता येईल काय या शोधाचा जवळजवळ पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आपल्यासमोर येतो. तो थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

पूर्वजांची रीत

आपल्या पूर्वजांनी देवालये बांधली ती दाबाच्या बळावर. दगडावर दगड ठेवला की वरचा खालच्याला दाबतो, आणि दाब सोसण्यात दगडासारखा समर्थ पदार्थ नाही. तांबडी सुर्ला येथील कदंबकालीन महादेवाचे मंदिर पाहावे. बाराव्या-तेराव्या शतकातील हे बेसाल्टचे मंदिर चुना किंवा अन्य सांधणी न वापरता केवळ दगडात दगड बसवून उभारलेले आहे. पुढील काळात अंत्रूज महालात जी देवालये उभी राहिली, त्यांच्या भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. खाणीतून काढताना मऊ असणारा आणि वारा लागला की घट्ट होणारा हा चिरा, शिंपल्यांच्या चुन्यात बसवून, हातभर नव्हे तर दोन-दोन हात जाडीच्या भिंतीत रचला गेला. वर घुमट आला तो गोल अथवा अष्टकोनी बैठकीवर. कारण घुमटाचा भार चोहोंकडे वाटला जाऊन खाली उतरतो व भिंतीला मुख्यत्वे दाबच सोसावा लागतो.

दगडाचे एक वैगुण्य मात्र प्राचीन काळापासून सर्वांना ठाऊक होते. दगडाची लांब तुळई दोन खांबांवर ठेवली तर ती खालच्या बाजूने ताणली जाते, आणि ताण सोसण्याची शक्ती दगडात फारच थोडी असते. म्हणून आपल्या मंदिरांतील दगडी खांब एकमेकांच्या इतके जवळ असतात. अंतर वाढवायचे तर ताण सोसणारे काहीतरी हवे, आणि तेथेच लोखंडाचा मोह सुरू होतो. ओरिसातील कोणार्कच्या तेराव्या शतकातील सूर्यमंदिरात मोठ्या लोखंडी तुळया वापरलेल्या होत्या. त्यांचे अवशेष आजही तेथे पाहावयास मिळतात.

लोखंड आणि दगड यांच्या सहवासाचा सर्वांत बोधप्रद धडा ग्रीस देशातील आहे. अथेन्स येथील पार्थेनॉन हे मंदिर ख्रिस्तपूर्व ४४७ ते ४३२ या काळात बांधले गेले. त्याच्या संगमरवरी दगडांना एकमेकांशी जखडण्यासाठी लोखंडी आकडे वापरले होते. परंतु ते बसविताना त्यांच्याभोवती शिसे ओतले होते. शिशाच्या या कवचामुळे त्या लोखंडाला दोन हजारांहून अधिक वर्षे फारशी बाधा पोहोचली नाही. पुढे १८९८ ते १९३३ च्या दरम्यान निकोलाओस बालानोस या अभियंत्याच्या देखरेखीखाली मंदिराची दुरुस्ती झाली, तेव्हा नवे लोखंडी आकडे व दांडे शिशाच्या कवचाशिवायच बसविण्यात आले. काही दशकांतच त्यांना गंज चढला. गंजलेले लोखंड फुगते, आणि त्या फुगण्याने संगमरवराला तडे जाऊन कपचे निखळू लागले. १९७५ साली नेमलेल्या समितीच्या मार्गदर्शनाखाली हे लोखंड काढून त्याच्या जागी न गंजणारा टायटॅनियम धातू बसविण्याचे काम हाती घ्यावे लागले. ज्या मंदिराने दोन सहस्रकांचे ऊनपाऊस आणि युद्धे सोसली, त्याला जीर्णोद्धाराच्या सद्हेतूने घातलेले लोखंड बाधले, ही गोष्ट जीर्णोद्धाराचा विचार करणाऱ्या प्रत्येक समितीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

काँक्रीटचीही कथा मुळात अशीच आहे. रोम येथील पँथिऑन या मंदिराचा ४३ मीटर व्यासाचा घुमट इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात काँक्रीटनेच घातला गेला. त्यात लोखंडाची एकही सळई नाही. खाली जाड आणि जड, वर पातळ आणि हलका, अशा युक्तीने तो घुमट आपल्याच भाराने दाबात राहिला व आज सुमारे १९०० वर्षे उभा आहे.

काँक्रीटमध्ये लोखंडाचा प्रवेश

आधुनिक सिमेंटचा काळ एकोणिसाव्या शतकात आला. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्याची त्याची शक्ती दाबाच्या साधारण एक दशांशच असते. हे वैगुण्य लोखंडाने भरून काढावे ही कल्पना फ्रान्समध्ये उदयास आली, आणि तीही राजवाड्यांच्या बांधकामातून नव्हे. जोझेफ लांबो याने १८४८ साली लोखंडी जाळीवर सिमेंटचा लेप देऊन एक लहान होडी केली व १८५५ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात ती मांडली. जोझेफ मोनिए हा तर व्यवसायाने माळी होता. झाडांच्या मोठ्या कुंड्या फुटू नयेत म्हणून त्याने सिमेंटमध्ये लोखंडी जाळी बसविली आणि १८६७ साली तिचे पेटंट घेतले. त्याच देशातील फ्राँस्वा एनबिक याने १८९२ साली तुळया, खांब आणि स्लॅब एकजीव ओतण्याची पद्धत पेटंट केली, आणि तेथून ही विद्या जगभर पसरली.

या जोडणीला निसर्गाचीही अनुकूलता होती. उष्णतेने काँक्रीट जितके प्रसरण पावते, जवळजवळ तितकेच पोलादही पावते. म्हणून ऊन-थंडीत दोघांची फारकत होत नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ताज्या काँक्रीटमध्ये चुन्यासारखा तीव्र अल्कधर्म असतो. त्याच्या सान्निध्यात लोखंडावर एक अतिसूक्ष्म पापुद्रा तयार होतो व तो गंजापासून लोखंडाचे रक्षण करतो. पार्थेनॉनच्या लोखंडाला जे काम शिसे देत होते, ते येथे सिमेंटच करीत असे. त्यामुळे लोखंड काँक्रीटच्या पोटात कायमचे सुरक्षित राहील, असा त्या काळच्या अभियंत्यांचा दृढ विश्वास होता.

गंजाची प्रक्रिया

हा विश्वास दोन शत्रूंनी डळमळीत केला. पहिला शत्रू हवेतील कार्बन डायऑक्साइड. तो काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत शिरतो, तेथील चुन्याशी संयोग पावतो आणि काँक्रीटचा अल्कधर्म कमी करीत जातो. ही मोहीम सळईपर्यंत पोहोचली की सळईचा संरक्षक पापुद्रा नाहीसा होतो. दुसरा शत्रू मीठ. मिठातील क्लोराइड अल्कधर्म शाबूत असतानाही तो पापुद्रा जागोजागी भेदते. पाणी आणि प्राणवायू यांची साथ मिळाली की गंज सुरू होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट असू शकते. आतून होणारे हे फुगणे सोसण्याची ताकद काँक्रीटमध्ये नसते. प्रथम सळईच्या रेषेत बारीक तडा जातो, मग पापुद्रा सुटतो, मग पाण्याला वाट मोकळी होते आणि पुढील ऱ्हास झपाट्याने होतो.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर हे दोन्ही शत्रू बाराही महिने हजर असतात. येथे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, खाड्यांतून खारे पाणी आत येते आणि वाऱ्याबरोबर मिठाचे कण दूरवर जातात. यात खाडीची वाळू न धुता वापरली किंवा काँक्रीट कालविण्यास मचूळ पाणी घेतले, तर शत्रूला बाहेरून यावे लागत नाही. आपणच त्याला आत नेऊन बसवितो. सळईवर काँक्रीटचे आवरण कमी ठेवणे, पाणी अधिक घालून मिश्रण पातळ करणे, आणि ओतल्यानंतर पुरेसे दिवस पाणी न मारणे या आपल्याकडील नित्याच्या चुका आहेत, आणि त्यांची भर वेगळीच.

या प्रक्रियेचा गोव्यातील सर्वांत दारुण प्रत्यय १९८६ साली आला. पणजी येथे मांडवी नदीवरील नेहरू पूल १९७० साली वाहतुकीस खुला झाला होता. नदीच्या उत्तर आणि दक्षिण तीरांना जोडणारा तो दुवा गोमंतकीयांच्या अभिमानाचा विषय होता. ५ जुलै १९८६ रोजी, ऐन पावसाळ्यात, तो कोसळला. पुलाला अवघी सोळा वर्षे झाली होती. काँक्रीटमध्ये ताणून बसविलेल्या पोलादी तारांना लागलेला गंज हे त्यामागील प्रमुख कारण होते. पुढील काही वर्षे लोकांना पुन्हा फेरीबोटींवर विसंबून राहावे लागले आणि १९९२ साली नवा पूल सुरू झाला. ताणलेल्या तारा गंजाला विशेष बळी पडतात, कारण तारेचा थोडा भाग झिजला तरी उरलेल्या भागावर असह्य ताण येतो व ती एकाएकी तुटते. आपल्या सभामंडपाच्या साध्या स्लॅबमध्ये अशा तारा नसतात, त्यामुळे तो पुलासारखा एकाएकी कोसळण्याचा संभव कमी. तो आधी इशारे देतो. ते इशारे गिलाव्याने झाकून टाकले नाहीत म्हणजे झाले.

सळईला लेप देण्याचा प्रयोग

सळईच गंजणारी असेल तर तिला न गंजण्याजोगे कवच द्यावे, हा विचार ओघाने आला. अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात. त्यामुळे तेथील पुलांचे स्लॅब भराभर निकामी होऊ लागले. १९७० च्या दशकात तेथे इपॉक्सी नावाच्या राळेचा हिरवा लेप दिलेल्या सळया वापरात आल्या. पुष्कळ ठिकाणी त्यांनी चांगले काम दिले. परंतु फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाला समुद्रात पसरलेल्या बेटांना जोडणाऱ्या पुलांत याच सळया वापरल्या असता, बांधकामानंतर थोड्याच वर्षांत, १९८६ साली, त्यांनाही गंज लागल्याचे आढळले. लेपाला कोठे ओरखडा पडला किंवा लेप सळईपासून सुटला की मीठ तेथून आत शिरते, आणि उष्ण व दमट सागरी हवेत त्याला वेळ लागत नाही. उष्ण, दमट आणि खारी हवा हे वर्णन आपल्या किनाऱ्यालाही लागू पडते.

अधातू सळईचा शोध

लोखंडाला कवच देण्याऐवजी लोखंडच नको, असा विचार करणाऱ्यांची परंपराही जुनी आहे. त्यांचे लक्ष प्रथम बांबूकडे गेले. बांबूची ताण सोसण्याची शक्ती आपल्याकडे शिडी आणि मांडव बांधणारा प्रत्येक कारागीर जाणतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील सुप्रसिद्ध तंत्रशास्त्र संस्थेत १९१४ साली बांबू घातलेल्या काँक्रीटवर प्रयोग झाले आणि १९५० साली क्लेमसन येथे त्याच विषयाचा अधिक विस्तृत अभ्यास झाला. पण बांबू ओल्या काँक्रीटमध्ये पाणी शोषून फुगतो, पुढे वाळून आकसतो आणि काँक्रीटशी असलेली त्याची पकड सुटते. शिवाय कालांतराने तो कुजतो. म्हणून कायम स्वरूपाच्या बांधकामांत त्याला स्थान मिळाले नाही.

खरा मार्ग काचेतून निघाला. काच ठिसूळ खरी. परंतु तिचा केसाहून बारीक तंतू काढला की ताण सोसण्यात तो पोलादालाही मागे टाकतो. असे हजारो तंतू एका दिशेने लावून राळेत भिजवून ओढले की सळई तयार होते. या सळयांची पहिली मोठी कसोटी जर्मनीत लागली. ड्युसेलडॉर्फ शहरातील उलेनबर्गस्ट्रासे या रस्त्यावरील पुलात ताणलेल्या पोलादी तारांऐवजी काचतंतूंच्या कांड्या बसविल्या गेल्या. तो पूल पुरा झाला तेही १९८६ सालीच. ज्या वर्षी मांडवीवरचा पूल गंजाने पडला, त्याच वर्षी जगाच्या दुसऱ्या टोकाला न गंजणाऱ्या कांड्यांवर एक पूल वाहतुकीचा भार पेलू लागला, हा योगायोग लक्षणीय आहे. १९८८ साली जपानच्या इशिकावा प्रांतात समुद्रालगतच्या शिनमिया पुलात कार्बनतंतूंच्या तारा वापरण्यात आल्या. कॅनडातील कॅलगरी येथे १९९३ साली अशाच अधातू तारांचा पूल झाला.

मात्र काचेविषयी एक शंका तज्ज्ञांना सतावीत होती. काँक्रीटचा जो अल्कधर्म लोखंडाचे रक्षण करतो, तोच काचेला हळूहळू खातो. प्रयोगशाळेत काचेच्या सळया तापविलेल्या अल्कद्रवात ठेवल्या असता त्यांचे बळ घटलेले दिसले. म्हणून तंतूंसाठी निराळ्या जातीची काच आणि त्यांना वेढणारी अधिक चिवट राळ शोधण्यात आली. कॅनडात २००४ च्या सुमारास पाच प्रत्यक्ष बांधकामांतून काँक्रीटचे गाभे काढून तपासण्यात आले. त्यांत नोव्हा स्कोशिया प्रांतातील हॉल्स हार्बर येथील समुद्रातला धक्काही होता. पाच ते आठ वर्षे वापरात असलेल्या त्या सळयांच्या काचेवर अल्कधर्माचा दुष्परिणाम आढळला नाही. हा निष्कर्ष आश्वासक आहे. पण पाच-आठ वर्षे आणि शंभर वर्षे यांतील अंतर फार मोठे आहे, हेही विसरता कामा नये.

यानंतर या सळया प्रयोगातून व्यवहारात आल्या. अमेरिकेतील काँक्रीट संस्थेने २००१ साली त्यांच्या वापराविषयी मार्गदर्शिका काढली आणि २०२२ साली पूर्ण संहिता प्रसिद्ध केली. सौदी अरेबियातील जीझान येथे पुराचे पाणी वाहून नेणारा २१ किलोमीटरहून अधिक लांबीचा काँक्रीटचा कालवा काचतंतूंच्या सळया घालून बांधण्यात आला. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे सप्टेंबर २०२२ मध्ये कार्बनतंतूंच्या काँक्रीटची जगातील पहिली इमारत उभी राहिली. कार्बनतंतूंना गंजाची भीती नसल्याने त्यांवर जाड आवरण लागत नाही, भिंती व छत पातळ करता येतात, आणि काँक्रीट वाचते. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे सात ते आठ टक्के एकट्या सिमेंटच्या उद्योगातून बाहेर पडतो, हे ध्यानी घेता या बचतीचे मोल कळते. आपल्या देशातही भारतीय मानक ब्यूरोने २०२३ साली काचतंतूंच्या सळयांसाठी मानक प्रसिद्ध केले. त्यामुळे अशी सळई आता परदेशची नवलाई राहिलेली नाही. तिची परीक्षा घेण्याचे मापदंड आपल्याकडेही उपलब्ध आहेत.

गुण आणि दोष

काचतंतूंच्या सळईचे वजन त्याच आकाराच्या पोलादी सळईच्या साधारण एक चतुर्थांश असते. ताण सोसण्याची शक्ती नेहमीच्या सळईपेक्षा अधिक असते. मिठाचे तिला भय नाही. या गुणांवर भाळून उद्या कोणी सांगेल की लोखंडाची सळई काढा आणि तिच्या जागी तेवढीच काचेची घाला. असा सल्ला देणाऱ्यापासून सावध राहावे. काचेच्या सळईचा ताठपणा पोलादाच्या साधारण चतुर्थांशच असतो. म्हणून तेवढ्याच भाराखाली तिची तुळई अधिक वाकते आणि तडे अधिक रुंद होतात. अतिभार आला तर पोलाद आधी लांबते, तुळई डोळ्यांदेखत वाकते व माणसांना बाहेर पडण्यास अवधी मिळतो. काचेची सळई तसा इशारा न देता तुटते. तिला जागेवर वाकविता येत नाही. वळणाचे तुकडे कारखान्यातूनच करून आणावे लागतात. आगीत तिची राळ लवकर मऊ पडते. भूकंपात पोलादाचा जो चिवटपणा उपयोगी पडतो, तो तिच्यात नाही. आणि पोलादाची सळई इमारत पाडल्यावर भट्टीत जाऊन पुन्हा पोलाद होते, तशी सोय काचेच्या सळईची अद्याप नीट झालेली नाही. तात्पर्य, या सळईचा आराखडा निराळ्या नियमांनी करावा लागतो, आणि तो जाणणाऱ्या अभियंत्याकडूनच करून घ्यावा लागतो.

सळईविना काँक्रीट

या शोधाच्या कथेत मंदिरांचाही एक अध्याय आहे आणि आपल्या दृष्टीने तो सर्वांत जवळचा आहे. अमेरिकेच्या हवाई बेटांपैकी कौआई येथे इरैवन नावाचे शिवमंदिर आहे. त्याचा ग्रॅनाइट भारतात, बेंगळूरजवळ घडविला गेला. मंदिर एक हजार वर्षे टिकावे अशी ते बांधणाऱ्यांची इच्छा होती. पायाच्या रचनेचा प्रश्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील काँक्रीटतज्ज्ञ प्रा. पी. कुमार मेहता यांच्याकडे गेला. त्यांनी दिलेले उत्तर आपल्या पूर्वजांच्या रीतीशी जुळणारे होते: पायात सळईच घालू नये. मंदिराचा भार खाली दाबणारा आहे, ताण मुळातच अल्प आहे. मग गंजणारी वस्तू आत कशाला ठेवावी? परंतु सळईविना ओतलेले मोठे काँक्रीट आतील उष्णतेने तडकते. म्हणून त्यांनी सिमेंट अगदी थोडे घेतले आणि त्याहून अधिक प्रमाणात औष्णिक वीजकेंद्रांतून निघणारी कोळशाची बारीक राख मिसळली. अशा मिश्रणात उष्णता कमी निर्माण होते, ते सावकाश पण दीर्घकाळ बळकट होत जाते, आणि सिमेंटबरोबर येणारा प्रदूषणाचा भारही कमी होतो. सुमारे ३६ मीटर लांब, १७ मीटर रुंद व सव्वा मीटरच्या आसपास जाडीचा हा पाया १९९९ साली ओतला गेला.

अयोध्येच्या श्रीराममंदिरातही, ज्याची प्राणप्रतिष्ठा २२ जानेवारी २०२४ रोजी झाली, हाच विचार दिसतो. तेथे पायासाठी थरावर थर दाबून १४ मीटर जाडीचे काँक्रीट घातले आहे. त्यात सळई नाही, आणि वरील दगडी बांधकामातही लोखंड टाळले आहे. म्हणजे अधातू सळईच्या जोडीला हाही एक मार्ग खुला आहे: जेथे आकारच असा योजता येतो की सर्व भार दाबात उतरावा, तेथे कोणत्याच सळईची गरज पडत नाही.

महाजनांपुढील विचार

या सर्व इतिहासातून देवस्थान समित्यांनी काय घ्यावे? प्रथम हे, की साध्या काँक्रीटच्या इमारतीचे आयुष्य अभियंते साधारणपणे पन्नास-साठ वर्षांचे धरतात. देवालयाचा विचार आपण शतकांच्या मापाने करतो. गाभारा, शिखर आणि मूळ भिंती यांना शतकांचे माप लागू करावे व त्यांत लोखंडी सळईचे काँक्रीट घालण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. चिरा आणि चुना यांच्या जुन्या भिंतीवर सिमेंटचा घट्ट गिलावा चढविणे, किंवा तिच्या माथ्यावर काँक्रीटचा जड पट्टा घालणे, हे बळकटीसाठी केले जाते. पण चुन्याची भिंत ओल बाहेर टाकून जगते, आणि सिमेंटने तिचा श्वास कोंडतो. अग्रशाळा, भक्तनिवास, भोजनगृह यांना मात्र पन्नास-साठ वर्षांचे माप चालण्यासारखे आहे. तेथे नीट बांधलेले नेहमीचे काँक्रीटही पुरेसे होईल, जर वाळू निर्मळ असेल, आवरण पुरेसे असेल आणि गळती वेळीच थांबविली जाईल.

अधातू सळईचा उपयोग करून पाहावयाचा असेल, तर तळीच्या काठाचे बांध, आवाराची भिंत, जमिनीवरची फरशी, पाण्याची टाकी, नदीकाठचा घाट अशा सतत ओल्या आणि खाऱ्या जागा प्रथम निवडाव्यात. यज्ञशाळा व स्वयंपाकघर यांसारख्या अग्नीच्या जागा, तसेच हजारो भाविक एकत्र जमणाऱ्या सभामंडपाचे लांब छत, येथे उत्साहाच्या भरात प्रयोग करू नयेत. वास्तुविशारदाकडून नकाशा स्वीकारताना समितीने चार प्रश्न अवश्य विचारावेत: या भागाला ताण खरोखर आहे काय, की आकार बदलून तो टाळता येईल? ताण असल्यास सळई कशाची आणि का? तिच्यावर आवरण किती? आणि ही इमारत किती वर्षांसाठी योजली आहे? या प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवून ठेवावीत. आपल्या जुन्या देवालयांचे चिरे कोणी कोठून आणले याच्या नोंदी फारशा उरल्या नाहीत. परंतु पुढील जीर्णोद्धार ज्यांच्या हाती येईल त्यांना आपल्या स्लॅबच्या पोटात काय आहे हे कळले, तर त्यांचे काम बरेच सुकर होईल.

देणगीदाराचे नाव संगमरवरी फलकावर कोरले जाते, आणि तो फलक ज्या भिंतीत बसवितात ती भिंत किती टिकेल याची जबाबदारी त्या वेळच्या समितीवर येते. ही जबाबदारी ओळखून, घाई न करता, जाणकारांचा सल्ला घेऊन आणि आपल्या किनाऱ्याच्या हवेचा विचार करून बांधकामाचे निर्णय व्हावेत. जीर्णोद्धाराची वेळ प्रत्येक पिढीवर न येता ती काही पिढ्यांनी यावी, एवढी अपेक्षा श्रींच्या सेवेकऱ्यांनी ठेवणे अवाजवी होणार नाही.